कच्चा कैदी आणि त्याचा जामीन



आपल्या बोलण्यात 'कच्चा' हा शब्द किती ठिकाणी येतो पाहा. कच्चा रस्ता, कच्ची पावती, कच्चा हिशेब. हिशेब कच्चा आहे याचा अर्थ तो अजून तपासायचा आहे. त्याच्या आधारावर कुणी कुणाकडून वसुली करीत नाही. तुरुंगाच्या व्यवहारातही हाच शब्द रूढ आहे. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, परंतु ज्याचा खटला अजून संपलेला नाही, त्याला आपण कच्चा कैदी म्हणतो आणि शिक्षा झालेल्याला पक्का कैदी. सरकारी कागदात कच्च्या कैद्याला 'न्यायाधीन बंदी' असे भारदस्त नाव आहे. नाव कोणतेही द्या, येथे हिशेब कच्चा असतानाच वसुली सुरू झालेली असते.

अशी माणसे किती असतील? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी छापतो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या देशातल्या सर्व तुरुंगांत मिळून ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांतले तीन असे, की ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्याच दिवशी सर्व तुरुंगांत मिळून जागा होती ४,३६,२६६ माणसांची. हे दोन आकडे जवळजवळ ठेवून पाहा. शिक्षा झालेला एकही कैदी तुरुंगात ठेवला नाही, तरी केवळ कच्च्या कैद्यांनीच आपले तुरुंग काठोकाठ भरले असते!

आता पारावर कुणी म्हणेल, "मास्तर, चोरादरोडेखोरांची एवढी काळजी तुम्हाला का? ज्याच्या घरी चोरी झाली, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे आणि तो हसून टाळण्यासारखा नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला न्याय हवा, आणि साक्षीदाराला धाक बसता कामा नये, हेही खरे. म्हणूनच कायद्याने न्यायाधीशाला अधिकार दिलेला आहे की, आरोपी पळून जाईल, पुरावा नाहीसा करील किंवा साक्षीदाराला दम देईल असे वाटले तर त्याला जामीन नाकारावा. परंतु मी आज बोलणार आहे ते त्या माणसांविषयी, ज्यांच्या बाबतीत न्यायाधीशाने नीट विचार करून 'याला सोडण्यास हरकत नाही' असे लिहून दिले, आणि तरीही जे आत राहिले.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. पहिल्या बाकावर बसणारा, टिपणे नीटनेटकी लिहिणारा. दिवाळीच्या सुटीनंतर तो दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले की त्याच्या वडिलांना अटक झाली आहे. वडील एका बागायतदाराकडे सालगडी होते. शेजारच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली आणि संशय त्यांच्यावर आला. त्यांनी ती नेली की नाही, हे मला ठाऊक नाही. ते ठरवणे माझे कामही नव्हे. बाराव्या दिवशी न्यायालयाने त्यांना पंधरा हजार रुपयांचा आणि एका जामीनदाराचा जामीन मंजूर केला. घरात सर्वांना वाटले, सुटले एकदाचे.

पण जामीन मंजूर होणे आणि माणूस घरी येणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याच्यावर बेतते त्यालाच कळते. जामीनदार म्हणून राहायला मुलाचा मामा तयार झाला. त्याचा सात-बारा काढला, तर जमीन तीन भावांत सामाईक. शिवाय उताऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा. मग ऐपतीच्या दाखल्याची धावपळ. तलाठी भेटले तर मंडल अधिकारी रजेवर. दोघे भेटले तर तहसील कार्यालयाला सुटी. आणि मामा पडला दुसऱ्या जिल्ह्यातला. 'जामीनदार इथलाच आणा' असे त्यांना सांगण्यात आले. गावात ज्यांच्याकडे जमीन होती, त्यांतला कुणी सालगड्यासाठी आपला उतारा न्यायालयात ठेवायला तयार होईना. जामीन मंजूर झाल्यापासून पाच आठवडे तो माणूस आतच होता. पाढव्याला घेतलेली उचल फिटायची होती, म्हणून मालकाकडे बापाच्या जागी मुलगा राबत होता. त्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही.

ह्या गोष्टीत कुणी दुष्ट माणूस नाही, हे लक्षात घ्या. न्यायाधीशाने आपले काम केले, तलाठ्याने नियम पाळला. तरी एका माणसाचे पाच आठवडे आणि एका मुलाचे वर्ष गेले, ते जमिनीचा स्वतंत्र उतारा नव्हता म्हणून.

हा अनुभव नवा नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याला जामिनावर सोडण्याचा आदेश आधीच झालेला होता. परंतु खालच्या न्यायदंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. त्या काळी एका गवंड्याला दहा हजार म्हणजे किती, याचा अंदाज आपण करू शकता. भाऊ जामीन राहायला आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकरणात स्पष्ट केले की जामीन म्हणजे केवळ दुसऱ्याने भरलेली हमी नव्हे, आरोपीने स्वतः लिहून दिलेला जातमुचलकाही त्यात येतो. आणि जामीनदार परजिल्ह्यातला आहे एवढ्याच कारणाने त्याला नाकारणे हे घटनेच्या समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे. मोतीरामला त्याच्या स्वतःच्या एक हजार रुपयांच्या बंधपत्रावर सोडण्यात आले. १९७८ चा हा निकाल आणि माझ्या विद्यार्थ्याच्या मामाची हकीकत यांत कितीतरी वर्षांचे अंतर आहे. निकाल छापील पुस्तकात गेला. कचेरीच्या खिडकीपर्यंत तो अजून पुरता पोचलेला नाही.

मोतीरामच्या निकालाला सहा महिने होतात न होतात तोच बिहारचे प्रकरण उजेडात आले. नागपूरजवळच्या कामठी येथे जन्मलेले के. एफ. रुस्तमजी हे नामवंत पोलीस अधिकारी त्या वेळी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. बिहारमधले तुरुंग पाहून आल्यावर त्यांनी जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिले. ते वाचून कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हाच तो हुस्नआरा खातून खटला. त्यातून जे बाहेर आले ते ऐकून न्यायमूर्तीही अस्वस्थ झाले. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोनतीन वर्षांची शिक्षा व्हायची, त्या गुन्ह्याचे आरोपी खटला सुरू होण्यापूर्वीच त्याहून कितीतरी अधिक वर्षे आत होते. काही स्त्रिया तर आरोपीसुद्धा नव्हत्या. त्या स्वतः अत्याचाराच्या बळी होत्या किंवा साक्षीदार होत्या; त्यांना 'संरक्षणासाठी' म्हणून तुरुंगात ठेवले होते. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की खटला वाजवी वेळात चालवला जाणे हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि गरिबाला सरकारने वकील दिला पाहिजे.

त्याच राज्यात रुदुल साह नावाच्या माणसाची १९६८ साली निर्दोष सुटका झाली होती. पण तो तुरुंगातून बाहेर पडला १९८२ मध्ये. निर्दोष ठरल्यावर चौदा वर्षे! १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला आधी मिळालेले पाच हजार धरून एकूण पस्तीस हजार रुपये देवविले. ही रक्कम थोडी वाटेल, आणि ती थोडीच होती. परंतु मूलभूत हक्काचा भंग झाला तर सरकारने पैसे मोजले पाहिजेत, ही वाट या प्रकरणाने मोकळी झाली.

आता कायदा आज काय सांगतो ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी हे फळ्यावर लिहून दिले तरी चालेल. पोलिसांनी कुणाला अटक केली तर अटकेचे कारण त्याला सांगितले पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. हे घटनेचे २२ वे कलम. तपास ठराविक मुदतीत पुरा झाला पाहिजे : ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक कारावास आहे, त्यात नव्वद दिवस आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवस. या मुदतीत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण तो मागावा लागतो बरं का! मागण्यापूर्वी दोषारोपपत्र येऊन पडले, की हा हक्क हातचा गेला. वकील नसलेला माणूस येथेच फसतो.

गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून एक आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असे समजून त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४७९ व्या कलमात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ ज्याने खटला चालू असतानाच तुरुंगात काढला, त्याला जामिनावर सोडावे. आणि ज्याला पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही, त्याला एक तृतीयांश काळ भरताच बंधपत्रावर सोडावे. समजा, चोरीला तीन वर्षांची शिक्षा आहे. पहिल्याच वेळी आरोप आलेल्या माणसाचे एक वर्ष भरले की तो या कलमाखाली येतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एकापेक्षा अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तरीही नाही. निम्म्या काळानंतरही आत ठेवायचे तर न्यायालयाला तशी कारणे लिहावी लागतात. असा काळ भरताच तुरुंगाच्या अधीक्षकाने आपण होऊन न्यायालयाला लेखी कळवायचे आहे. आणि हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले.

माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांसारख्यांसाठी, म्हणजे जामीन मंजूर होऊनही जे सुटत नाहीत त्यांच्यासाठी, जानेवारी २०२३ चे आदेश आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत अधीक्षकामार्फत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे. महिन्याभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर न्यायालय आपण होऊन अटी सैल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, याचीही दखल न्यायालयाने त्यात घेतली. म्हणजे मोतीरामची गोष्ट पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा सांगावी लागली!

जाता जाता एक विचित्र गोष्ट सांगतो. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही, मग तो कच्चा कैदी का असेना. मात्र २०१३ च्या दुरुस्तीनंतर त्याला निवडणुकीला उभे राहता येते. उमेदवार होता येते, मतदार होता येत नाही! त्याच गुन्ह्याचा दुसरा आरोपी जामीनदार मिळाला म्हणून बाहेर असेल, तर तो रांगेत उभा राहून मत देतो. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, मग एखादा विचारतो, "सर, असं का?" मला अजून त्याचे समाधानकारक उत्तर सुचलेले नाही.

आता तुरुंगाच्या आत थोडे डोकावू. तुरुंगात गेलेल्या माणसाचे काय काय जाते? पुष्कळांची समजूत अशी की सर्वच जाते. कायदा तसे म्हणत नाही. हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य जाते. बाकीचे हक्क, जेवढे बंदिवासाशी जुळतात तेवढे, त्याच्यापाशीच राहतात. हे तत्त्व पक्के करणाऱ्या सुरुवातीच्या निकालांपैकी एक आपल्या मराठी पुस्तकावरून लागला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९६२ च्या भारत संरक्षण नियमांखाली प्रभाकर संझगिरी यांना मुंबईत स्थानबद्ध केले होते. तुरुंगात बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले आणि हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. आता अणूच्या पोटात काय असते हे मराठी वाचकाला कळले, तर देशाच्या संरक्षणाला कोणता धोका होता? सरकारचे म्हणणे असे की, पुस्तक लिहून पाठवणे हा स्थानबद्धाला नियमाने दिलेला हक्क नाही. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. नियमात ज्याची मनाई नाही ते स्थानबद्धाला करता येते, असा त्याचा आशय. हक्क सरकारने दिला तरच असतो असे नव्हे, हा मुद्दा येथे महत्त्वाचा. आणि तो सिद्ध झाला एका मराठी हस्तलिखिताच्या निमित्ताने.

पुढे दिल्लीच्या तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याला झालेल्या मारहाणीविषयी न्यायमूर्तींना पत्र लिहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या स्त्रियांशी बोलून, पोलीस कोठडीत त्यांना कसे वागवले गेले ते न्यायालयाला कळवले. त्यावर १९८३ साली आदेश झाले : स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, तेथे पहारा स्त्री शिपायांचा असावा, स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसाच्या उपस्थितीतच व्हावी, आणि आरोपीला पुढे आणल्यावर न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः विचारावे की पोलिसांनी मारहाण केली काय.

आणि जात? ती तर वेशीवर थांबत नाही, तशी तुरुंगाच्या दारातही थांबली नाही. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमांत झाडलोट व संडाससफाई कोणत्या जातीच्या कैद्यांनी करावी आणि स्वयंपाक कोणत्या जातीच्या, हे इंग्रजी अमदानीपासून लिहिलेले होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते चव्हाट्यावर आणले व अर्ज केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढून टाकण्यास सांगितले. भटक्या-विमुक्त समाजांतल्या माणसांना केवळ जन्मावरून 'सराईत गुन्हेगार' समजण्याची रीतही या निकालाने खोडून काढली. तारीख पुन्हा सांगतो : २०२४. घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती.

हे सारे हक्क कागदावर आहेत. ते मिळवायचे तर वकील लागतो, आणि वकिलाला पैसे. याची सोय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने केलेली आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेला कोणीही माणूस, यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. यांपैकी कुणालाही उत्पन्नाचा दाखला काढत बसावे लागत नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचतो आहे, कारण तुरुंगातला माणूस गरीब आहे की नाही हा प्रश्नच कायद्याने तेथे ठेवलेला नाही. फुकटचा वकील काय कामाचा, असे लोक म्हणतात. काही वेळा ते खरेही निघते. परंतु जातमुचलक्यासाठी अर्ज करणे, परजिल्ह्यातला जामीनदार मान्य करून घेणे, एक तृतीयांश काळ भरल्याचे दाखवून देणे, या कामांना फार मोठ्या बुद्धीचा वकील लागत नाही. वेळेवर हजर राहणारा वकील लागतो.

तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच असते. दूरध्वनीवर विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले तेथे लिहून घेतात. गावातल्या शिक्षकाने एवढा कागद लिहून दिला, तरी पुष्कळ काम होते. त्यात कैद्याचे पूर्ण नाव, कोणत्या तुरुंगात आहे, कोणत्या पोलीस ठाण्याचा गुन्हा, त्याचा क्रमांक आणि लावलेली कलमे, कोणत्या न्यायालयात प्रकरण आहे, जामीन मंजूर झाला असल्यास कोणत्या दिवशी व किती रकमेचा, पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय, आणि घरात कमावते कोण, हे लिहावे. अटकेची तारीख मात्र ठळक लिहावी, कारण साठ-नव्वद दिवसांचा असो की एक तृतीयांशाचा, सारा हिशेब त्या दिवसांच्या जवळपासच सुरू होतो.